पोवाडा संपतो तिथून पुढे
(कवितेतली लढाई : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यापाशी थांबलो होतो. त्यावर एका वाचकबाईंचा दारव्ह्याहून फोन आला. प्रश्न एकच : ‘रायबाच्या लग्नाचं पुढं काय झालं हो?’

प्रश्न साधा, पण नेमका वर्मावर बोट ठेवणारा. १६७० साली तानाजी कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर गेला तो मुलाचं, रायबाचं लग्न मागे ठेवून. महाराजांनी ते पुढे लावून दिलं, असं सांगतात. त्या मांडवात रायबाच्या आईनं अक्षता कशा टाकल्या असतील? शाहिराचा डफ तिथे फारसा रेंगाळत नाही. त्याला गड गाठायचा असतो. पोवाडा हा प्रकारच मुळी मर्दुमकीचा, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मागे राहिलेल्यांची कविता दुसरीकडे शोधावी लागते.

सर्वांत जुनी जागा महाभारतातली, स्त्रीपर्वातली. अठरा दिवसांची लढाई संपल्यावर घरच्या बायका कुरुक्षेत्रावर येतात. मराठीत मोरोपंतांनी ‘आर्याभारता’त हे पर्व आर्येत आणलं. मला त्यातला उत्तरेचा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. ती अभिमन्यूचं रक्तानं माखलेलं कवच काढते आणि त्याचं अंग न्याहाळते. बस्स, एवढंच. रणांगणावर नवऱ्याचं अंगरखं उतरवावं तशी घरगुती हालचाल! पण ते आपल्याला सांगते कोण? गांधारी, तीही कृष्णाला. उत्तरेचं दुःखसुद्धा सासरच्या थोरल्या बाईच्या तोंडून येतं.

इंग्रजीतही फार वेगळं नाही. पहिल्या महायुद्धातला विल्फ्रेड ओवेन स्वतः कवी. तो ४ नोव्हेंबर १९१८ रोजी पडला. घरी तार आली ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा गावात वाजत असताना. त्याच्या आईनं १९२० मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहिलं : शेवटचा निरोप घेताना मुलानं तुमच्याच ओळी म्हटल्या होत्या, त्याच्या टिपणवहीतही त्या सापडल्या. कविता मुलाच्या आणि टागोरांच्या. आईच्या वाट्याला आलं ते पत्र.

बाई स्वतः बोलते ती जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीला रणांगण ठाऊक नसतं. लेक परगावी गेला की तिचे डोळे वाटेला लागतात, एवढीच तिची लढाईची बातमी.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे येतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येला ‘युद्ध’ म्हणणं मला पटत नाही. तो शब्द भाषणात टाळ्या घेतो आणि मरणाचं कारण झाकून टाकतो. पण मागे राहिलेली बाई मात्र तीच असते. सैनिकाच्या बायकोला आपण वीरपत्नी म्हणतो. इथल्या बाईला आधी कळतं की नवऱ्याचं मरण सरकारी मदतीला ‘पात्र’ आहे की ‘अपात्र’. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, यावर ते ठरतं. या एका सरकारी शब्दावर कुणी चांगली कविता लिहिली, तर मी ती या लेखमालेत आनंदानं घेईन.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन भरलं. लोकसाहित्याच्या अभ्यासक अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनं. याच वैशालीताई श्याम पेठकरांनी लिहिलेल्या, हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायकाच त्यात काम करतात. इथे गांधारीची गरज लागत नाही. उत्तरा स्वतःच बोलते.

आणि जी बोलतच नाही, तिचं काय? आमच्या शेजारच्या गल्लीत एक म्हातारी राहायची. मुलगा फौजेत गेला, तो आलाच नाही. त्याची काळी लोखंडी पेटी तेवढी आली, वर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि नंबर. तिच्यात ती तुरीची डाळ ठेवायची. मी लहानपणी बोट दाखवून विचारलं, तर म्हणाली, ‘माह्या लेकाची पेटी हाये बाप्पा. गंज नाई चढू देत तिले.’

दर दिवाळीला ती पेटीला काळा रंग द्यायची. अक्षरांना ब्रश लागू द्यायची नाही; कडेकडेनं, डोळे बारीक करून रंगवायची. हात कापायला लागले तसा काळा रंग दरवर्षी थोडा थोडा आत सरकत गेला. मी शेवटचं पाहिलं तेव्हा नाव वाचता येत होतं, नंबरातले शेवटचे दोन आकडे नव्हते.