काळोखातली खोटी चाहूल

गोंदियाच्या बऱ्यापैकी कुठल्याही राइस मिलमध्ये भरडाईच्या शेवटी सॉर्टेक्स मशीन असतं. वरून तांदूळ घसरत येतो, कॅमेरे दाणा न् दाणा पाहतात आणि काळा-पिवळा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. मशीनची संवेदनशीलता कमी ठेवली तर डागी दाणे निसटतात. फार वाढवली तर चांगला तांदूळही रिजेक्शनच्या पोत्यात जातो. ऑपरेटरचं सगळं कसब या दोन्हींच्या मधली जागा धरण्यात. मूलकणांच्या प्रयोगांत प्रकाश टिपणाऱ्यांची अडचण हीच आहे, फक्त तिथला दाणा म्हणजे एकच फोटॉन.

विद्युतभारित कण सिंटिलेटर नावाच्या प्लास्टिकमधून गेला की ते क्षणभर चमकतं. आकाशातून सतत येणारा म्युऑन एक सेंटिमीटर जाडीत साधारण वीस हजार फोटॉन सोडतो. ऐकायला भरपूर, पण ते दाही दिशांना पांगतात. खाचेत बसवलेल्या बारीक प्रकाशतंतूत त्यांतले थोडेच शिरतात आणि तंतूच्या टोकाशी मोजके पोचतात. पारंपरिक फोटोमल्टिप्लायर नळी त्या मोजक्यांतलेही चारातून जेमतेम एक पकडते. मग त्या एका इलेक्ट्रॉनचे दहा लाख करते, हे तिचं थोरपण. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणीय न्यूट्रिनोची खूण टिपली, त्या मांडणीतही सिंटिलेटर आणि अशाच नळ्या होत्या.

याच संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगात सुधारणा वेगळ्या बाजूने झाली. सुरुवातीला नळी सिंटिलेटरच्या वर टांगलेली असे. पुढे प्लास्टिकमध्ये खाचा पाडून तंतू बसवले. सिंटिलेटरच्या कोपऱ्यात पडलेल्या कणाची आणि मधोमध पडलेल्याची नोंद त्यामुळे जवळपास सारखी येऊ लागली. सिंटिलेटरही उटीलाच बनवले. मला ही गोष्ट नव्या सेन्सरइतकीच मोलाची वाटते: वाटेत सांडणारा प्रकाश वाचवणं हीही संवेदनशीलताच, आणि ती विकत आणावी लागत नाही.

सेन्सरच बदलण्याची वेळ मात्र जिनिव्हाजवळच्या सीएमएस प्रयोगात आली. त्याच्या प्रचंड चुंबकाबाहेर ‘आउटर हॅड्रॉन कॅलोरीमीटर’ आहे. आतल्या थरांतून निसटलेली ऊर्जा मोजणं हे त्याचं काम, आणि तो उभारण्यात टाटा संस्थेचा वाटा मोठा. सुरुवातीला त्यात हायब्रिड फोटोडायोड होते. त्यांत इलेक्ट्रॉनला काही हजार व्होल्टचा धक्का देऊन सिलिकॉनवर आदळवतात. चुंबकाच्या कडेच्या विस्कळीत क्षेत्रात त्यांच्यात ठिणग्या पडत. व्होल्टेज उतरवावं तर संकेत दुबळा, चढवावं तर खोटे संकेत. शेवटी २०१३-१४च्या दीर्घ विरामात तिथे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर बसवले. नखापेक्षा लहान चिप, तीवर शेकडो-हजारो सूक्ष्म पेशी, शंभराहून कमी व्होल्ट, चुंबकाची फिकीर नाही. फोटॉन पकडण्याचं प्रमाणही चांगल्या चिपमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास.

फुकट मात्र काही नाही. ही चिप मिट्ट काळोखातही बोलते. उष्णतेने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि फोटॉनने सोडवलेला इलेक्ट्रॉन तिला सारखेच. अशा खोट्या नोंदी खोलीच्या तापमानाला चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला हजारोंनी होतात. व्होल्टेज वाढवून पकड सुधारावी तर याही वाढतात. तापमान वाढलं तरी वाढतात, आणि चिपचा कार्यबिंदू दर अंशाला पन्नासेक मिलिव्होल्टने सरकतो. वातानुकूलित खोलीत हे सांभाळता येतं. गोंदियाच्या मे महिन्यात मात्र कठीण.

भारतात या खटाटोपाचं मुख्य ठिकाण सध्या मदुराई आहे. देशातली मोठी न्यूट्रिनो वेधशाळा तमिळनाडूतल्या विरोधामुळे रखडली, पण तिची ८५ टनांची छोटी प्रतिकृती, मिनी-आयकॅल, २०१८ पासून तिथे चालू आहे. डोंगराखाली किलोमीटरभर न जाता शंभरेक मीटर खोलीवर न्यूट्रिनो टिपता येईल का, हा तिथला प्रश्न. खोली कमी तितके वरून येणारे म्युऑन जास्त, म्हणून दहा हजार म्युऑनांतला एखादाच न ओळखता सुटलेला चालेल. त्यासाठी प्रतिकृतीभोवती सिंटिलेटर पट्ट्यांचं कवच योजलं आहे. प्रत्येक पट्टीत दोन तंतू, त्यांच्या चार टोकांना चार चिप, एकूण सुमारे तीन हजार. खोट्या नोंदींवरचा उपायही मजेदार आहे: चारांपैकी किमान दोघींनी एकाच क्षणी साक्ष दिली तरच म्युऑन मानायचा. एकट्या चिपवर विश्वास ठेवायचा नाही. दोन चिप योगायोगाने एकदम चुकण्याची शक्यता फार थोडी.

यात एक गोष्ट खटकते. त्या पट्ट्या अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या, तंतू आणि चिप जपानी. टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्राकडे ते वापरण्याचं ज्ञान भरपूर आहे, आणि भाभा केंद्राने भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर सीएमएससाठी सिलिकॉन डिटेक्टर बनवलेही होते. फोटॉन मोजणारी चिप मात्र या मोठ्या प्रयोगांसाठी आजही जपानच्या हामामात्सू कंपनीकडून मागवली जाते.