रुग्ण समाधानी आहे, म्हणजे बरा झाला का?



चाचणीच्या दिवशी सकाळी मुलाच्या पोटात दुखतं. डॉक्टरांना तपासून काही सापडत नाही. मग आपण पटकन म्हणतो, "नाटकं करतोय!" पण दुखणं खरंच असू शकतं. मनावरचा ताण शरीरात उमटतो, त्यालाच मनोशारीरिक त्रास म्हणतात.

मोठ्या माणसांचा असा त्रास विकोपाला गेला तर? जर्मनीत त्यासाठी खास पुनर्वसन रुग्णालयं आहेत. रुग्ण तिथे साधारण पाच आठवडे राहतो. गटात बोलणं, एकट्याने समुपदेशन, व्यायाम असा दिवस जातो. नोकरदारांचा खर्च बहुधा पेन्शन विमा संस्था उचलते. आश्चर्य वाटलं ना? हिशेब सरळ आहे. माणूस आजारपणाने लवकर घरी बसला, तर वर्षानुवर्षं पेन्शन द्यावी लागेल. म्हणून आधी पुनर्वसन, मग पेन्शन.

आता हे उपचार कसे वाटले, ते विचारायला आठ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. मूळ अमेरिकेतली, १९७९ ची. १९८९ मध्ये जर्मनमध्ये आली. हवी तशी मदत मिळाली का? मित्राला इथे यायला सांगाल का? पुन्हा गरज पडली तर याल का? प्रत्येक उत्तराला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण ८ ते ३२.

गंमत अशी, की बहुतेकांचे गुण वरच्या बाजूलाच जातात. (आपणही प्रशिक्षणाच्या शेवटी, एक डोळा दाराकडे ठेवून, 'उत्तम'वरच खूण करतो की!) पण इथे कारण वेगळंही असतं. वर्षानुवर्षं "तुम्हाला काही झालेलं नाही" ऐकलेल्या माणसाचं कुणीतरी पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलेलं असतं. तो समाधानी होणारच. मात्र त्याची झोप सुधारली का, तो कामावर परत गेला का, हे त्या गुणांवरून कळत नाही. ते लक्षणं आधी, नंतर आणि काही महिन्यांनी वेगळी मोजूनच कळतं. उलट, नको त्या आठवणी उकरणारे उपचार त्या वेळी नकोसे वाटतात, तरी उपयोगी पडू शकतात.

माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हा: इथल्या मदतीमुळे तुमच्या अडचणी तुम्हाला अधिक नीट हाताळता येतात का? पोटात दुखणाऱ्या त्या मुलालाही, पुढच्या चाचणीनंतर, हाच प्रश्न विचारून बघा.