कोंबड्यांचा इन्फ्लुएन्झा : तो खुराड्यांत शिरतो कसा व पसरतो कसा

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कुक्कुटपालनाचा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो. सन २००६ च्या आरंभीं तेथील कोंबड्या भराभर मरूं लागल्या. ही मर राणीखेतीची, म्हणजे आपल्याकडे जिला मानमोडी म्हणतात त्या रोगाची असावी, असाच प्रथम समज झाला. परंतु भोपाळ येथील प्रयोगशाळेंत नमुने तपासल्यावर १८ फेब्रुवारी २००६ रोजीं निराळीच गोष्ट जाहीर झाली. हा रोग कोंबड्यांचा घातक इन्फ्लुएन्झा, एच५एन१ या वाणाचा होता, व भारतांतील त्याचा हा पहिलाच उद्रेक होता. लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यांत जळगांव जिल्ह्यांत परसांतल्या कोंबड्यांमध्यें रोग आढळला. २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें, फेब्रुवारींत पुनः नवापुरास, व २०२५ च्या जानेवारींत उरण तालुक्यांतील चिरनेर येथें तो दिसला. तेव्हां हा पाहुणा एकदां येऊन गेला असें समजून स्वस्थ बसण्याची सोय आतां राहिलेली नाहीं. त्याची चाल काय आहे हें प्रत्येक पाळणाऱ्यानें समजून घेतलें पाहिजे.

हा रोग नवा नव्हे. इटली देशांत पेरोंचितो नांवाच्या पंडितानें १८७८ सालीं त्याचें वर्णन केलें. १९०१ मध्यें असें सिद्ध झालें कीं, त्याचें कारण साध्या जंतूंहून सूक्ष्म असून बारीक गाळणींतूनहि पार जातें. हें कारण म्हणजे इन्फ्लुएन्झाचाच एक विषाणु होय, हें १९५५ मध्यें उघडकीस आलें. हल्लीं जो वाण जगभर पसरला आहे त्याचें मूळ १९९६ मध्यें चीनच्या ग्वांगडुंग प्रांतांतील एका हंसांत सांपडलें.

या विषाणूचें मूळ घर म्हणजे रानांतील पाणपक्षी, विशेषतः बदकें. विषाणु त्यांच्या आंतड्यांत वाढतो व विष्ठेवाटे पाण्यांत उतरतो, आणि थंड पाण्यांत तो कित्येक दिवस जिवंत राहतो. बदक पुष्कळदां आजारीहि दिसत नाहीं. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडील पक्षी आपल्या तळ्यांवर व धरणांवर उतरतात. वर सांगितलेले सर्व उद्रेक जानेवारी ते मार्च या काळांतले आहेत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां सौम्य वाण घातक कसा होतो तें पाहूं. विषाणूच्या अंगावर दोन जातींचे कांटे असतात. त्यांस एच व एन अशीं नांवें असून एच५एन१ हें नांव त्यांवरूनच पडलें आहे. एच कांट्यानें विषाणु शरीराच्या पेशीस चिकटून आंत शिरतो, आणि पेशींत निपजलेले नवे विषाणु एन कांट्याच्या साह्यानें सुटून बाहेर पडतात. परंतु एच कांटा एका ठराविक जागीं चिरला गेल्यावांचून त्याचें काम होत नाहीं. सौम्य वाणाचा कांटा चिरणारें द्रव्य मुख्यतः श्वासमार्गांत व आंतड्यांतच असतें, म्हणून रोग तेवढ्यापुरताच राहतो. घातक वाणाच्या कांट्याची घडण मात्र अशी बदललेली असते कीं, त्यास चिरणारें द्रव्य शरीरांत सर्वत्र सांपडतें. मग मेंदु, हृदय, यकृत, रक्तवाहिन्या असा एकहि अवयव सुटत नाहीं. असा बदल एच५ व एच७ या दोनच गटांत निसर्गतः होत आल्याचें दिसतें, आणि तो बहुधा कोंबड्यांच्या दाट वस्तींतच घडतो. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत १९८३ च्या एप्रिलांत एच५एन२ या वाणाचा सौम्य रोग आला, आणि ऑक्टोबरांत तोच वाण प्राणघातक होऊन बसला. त्याच्या पायीं सुमारें १ कोटि ७० लाख पक्षी नष्ट करावे लागले. यावरून सौम्य रोगाकडेहि दुर्लक्ष करणें किती महाग पडतें हें कळून येईल.

रानपक्षी रोग आणून सोडतात हें खरें. परंतु एका खुराड्यांतून दुसऱ्यांत तो नेणारा बहुधा मनुष्यच असतो. आजारी कोंबडीच्या विष्ठेंत व नाकातोंडांतील स्रावांत विषाणु विपुल असतो. तो जोड्याच्या तळव्याला, गाडीच्या चाकांना, अंड्यांच्या ट्रेंना, खाद्याच्या रिकाम्या पोत्यांना, पिंजऱ्यांना व कोंबडीखताला चिकटून गांवोगांव फिरतो. एकाच दिवशीं दहा ठिकाणीं माल उचलणारी गाडी, व शेजाऱ्याच्या मेलेल्या कोंबड्या पाहून त्याच पायानें आपल्या शेडमध्यें शिरणारा मालक, हे त्याचे उत्तम वाहक होत. जिवंत पक्ष्यांचा बाजार तर रोगाचें कोठारच आहे. १९९७ मध्यें हाँगकाँगच्या बाजारांतून १८ माणसांस लागण होऊन ६ दगावलीं, व तेथें सुमारें १५ लाख कोंबड्या मारल्या गेल्या. पुढें त्या शहरानें बदकें व हंस कोंबड्यांपासून वेगळे केले, आणि महिन्यांतून एक दिवस सर्व बाजार रिकामा करून धुण्याचा नियम २००१ मध्यें घातला. आपल्या आठवडी बाजारांनीं यापासून धडा घ्यावा.

लक्षणें पुढीलप्रमाणें दिसतात. कांहीं कोंबड्या कोणतेंहि चिन्ह न दाखवितां रात्रींतून मरून पडतात. इतर कोंबड्या खाणें सोडून मरगळतात. डोकें व डोळ्यांभोंवतीं सूज येते, तुरा व गलोल निळे-जांभळे पडतात, पायांच्या नळ्यांवर रक्ताचे लाल डाग दिसतात, हगवण हिरवट होते, अंडीं एकाएकीं घटतात व मऊ कवचाचीं येतात. मानमोडींतहि यांपैकीं पुष्कळ चिन्हें आढळतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनीं निदान करण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. मानमोडीची लस वेळेवर टोचली असतांहि मर वाढत असेल, तर संशय अधिकच बळावतो.

बचावाचे उपाय साधे असले तरी ते रोज करावे लागतात. शेडला बारीक जाळी बसवावी, म्हणजे चिमण्या-कावळे आंत येणार नाहींत. २०२५ च्या जानेवारींत लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें मेलेल्या कावळ्यांत हाच रोग निघाला होता. पाणी तळ्याचें असल्यास औषध घालून शुद्ध केल्यावांचून पाजूं नये. बदकें व कोंबड्या एकत्र ठेवूं नयेत. शेडसाठीं वेगळे जोडे ठेवावे, व परक्यास आंत येऊं देऊं नये. माल नेणारी गाडी कुंपणाबाहेरच उभी करावी. विकत आणलेले पक्षी चौदा दिवस वेगळे ठेवावे. या विषाणूवर चरबीचें आवरण असतें, म्हणून साबणानेंहि तो मरतो; परंतु विष्ठेच्या थराखालीं औषध पोंचत नाहीं. याकरितां आधीं खरडावें, मग साबणानें धुवावें, आणि शेवटीं जंतुनाशक घालावें. हा क्रम उलटा केल्यास पैसा व श्रम दोन्हीं वायां जातात.

इतकें करूनहि मर लागली तर काय करावें ? येथेंच पाळणाऱ्याची खरी कसोटी लागते. आज विकल्या तर चार पैसे हातीं येतील, उद्यां सरकारी माणूस येऊन सर्व मारून टाकील, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु हिशेब नीट मांडून पाहावा. सरकारनें मारलेल्या कोंबड्यांची भरपाई ठरलेल्या दरानें मिळते. रोगानें आधींच मेलेल्या कोंबड्यांची मिळत नाहीं. म्हणजे खबर देण्यास जितका उशीर, तितका मालकाचाच तोटा. आजारी कोंबडी विकणारा तर रोगच विकतो. नियमाप्रमाणें रोगाच्या जागेपासून एक किलोमीटरच्या आंतील सर्व कोंबड्या माराव्या लागतात, व दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. म्हणून एकानें लपविलेला रोग त्याच्या शेजाऱ्याच्या निरोगी कोंबड्यांच्या मुळावर येतो. शिवाय २००९ च्या कायद्यानें अशा रोगाची खबर देणें मालकावर बंधनकारक आहे. तेव्हां पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावें, मेलेल्या कोंबड्यांस उघड्या हातानें शिवूं नये, त्या कापूं नयेत, ओढ्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नयेत, आणि शेडमधून अंडें, खत, पोतें कांहींहि बाहेर जाऊं देऊं नये. हा विषाणु माणसास क्वचित् लागतो, पण लागल्यास भयंकर ठरतो. २०२१ मध्यें आपल्या देशांत हरियाणांतील एक ११ वर्षांचा मुलगा याच रोगानें गेला. चांगलें शिजविलेलें मांस व अंडें खाण्यास मात्र भय नाहीं, कारण ७० अंशांच्या उष्णतेनें विषाणु मरतो. हेंहि लोकांस सांगणें आपलें काम आहे, नाहीं तर निव्वळ अफवेनें दर कोसळून ज्यांच्याकडे रोग नाहीं तेहि बुडतात.

कोंबडीचा धंदा एकट्याचा दिसला तरी या रोगापुढें तो सबंध गांवाचा होतो. एकाच्या कुंपणाची फट सर्वांचें दार उघडें ठेवते. म्हणून थंडी सुरू होण्यापूर्वीं गांवांतील पाळणाऱ्यांनीं एकत्र बसून जाळी, जोडे, गाड्या व खबर या चार गोष्टींविषयीं नियम ठरवावे, व ते सर्वांनीं पाळावे. मर लागल्यावर ठरविलेल्या नियमांचा उपयोग फारसा होत नाहीं.