बागेतला रोज

आज बागेतल्या मजुरीवर बोलायचं आहे. एप्रिल लागला की जूनच्या मध्यापर्यंत मुरबाड, शहापूर, अंबरनाथ आणि कल्याणच्या ग्रामीण भागात आम्हाला बचतगटांच्या बैठका भरवणं कठीण जातं. निम्म्या बाया आंबे, जांभळं, करवंदं यांच्या मागे असतात, आणि कातकरवाडीतल्या बऱ्याच जणी वीटभट्टीवरून अजून परतलेल्या नसतात. एकाच गावात, कधी तर एकाच ग्रामसंघात, बागेची मालकीण असते आणि तिच्याच बागेत रोजाने जाणारीही असते. बैठकीला दोघी एकाच सतरंजीवर बसतात, बचतही सारखीच टाकतात. मजुरीचा विषय निघाला की मात्र दोघी गप्प होतात. म्हणून तो इथे रेडिओवर काढतोय.

आपल्याकडची बाग म्हणजे काही मोठा मळा नव्हे. एक-दोन एकर वरकस जमीन, त्यात आंब्याची कलमं, बांधावर जांभूळ, फणस, दोन-चार चिकू, आणि सातबाऱ्यावर तीन भावांची नावं. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली, तेव्हापासून डोंगरउतारावरच्या जमिनीत कलमं वाढली. वर्षातले नऊ-दहा महिने घरची माणसंच बाग सांभाळतात. आळी करणं, शेणखत घालणं, गवत काढणं, राखण करणं हे सगळं घरात उरकतं आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही. घरच्या बाईची तर नाहीच नाही. फळ तयार झालं की मात्र घरचे हात पुरत नाहीत, आणि मग पाड्यावर निरोप जातो.

आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवावा लागतो. तोही उन्हाच्या आधी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आणि देठासकट. देठ तुटला की चीक सालीवर उतरतो, डाग पडतो, भाव पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला यासाठीच आहे, त्याला पातंही असतं आणि जाळीही. जांभळाचं काम याहून नाजूक. पिकलेलं जांभूळ एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि फांदी तर अशी ठिसूळ की चढणाऱ्याचा जीव टांगणीला. वैतरणेच्या काठी बहाडोलीला, जिथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तिथे झाडाभोवती बांबूची परांची बांधून फळ हाताने खुडतात. आपल्या बदलापूरच्या जांभळालाही आता मानांकन आहे. पहाटे काढायचं, बायांनी निवडून टोपल्या भरायच्या, आणि दिवस वर यायच्या आत कल्याणच्या गाडीला लावायचं. पावसाची एक सर आली की झाडाखाली निळा सडा पडतो आणि मालकाचा हंगाम तिथेच संपतो. मजुराचा रोजही संपतो.

ही घाई समजून घेतली की मजुरीचा सगळा गुंता समजतो. मालकाला माणसं हवीत ती याच पंधरा-वीस दिवसांत, आणि बाईला काम मिळतं तेही याच दिवसांत. दोघांनाही थांबायला वेळ नाही. अशा वेळी भाव कोण ठरवतो? ज्याच्या घरात पावसाळ्याचे तांदूळ भरलेले आहेत तो. श्रावणात ज्या बाईने दुकानदाराची उधारी करून किंवा मालकाकडून हजार-दोन हजार उचल घेऊन घर चालवलं, ती मे महिन्यात ‘रोज किती देणार?’ असं विचारूच शकत नाही. तिची मजुरी श्रावणातच ठरून गेलेली असते.

हे ठाणे जिल्ह्याला नवं नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधी डहाणू, तलासरी, जव्हार सगळं ठाण्यातच होतं. तिथे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. पुष्कळांची उमर त्यात जायची. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यासोबत होती. वेठ आणि लग्नगडी बंद करायची असं तिथे ठरलं. त्याच वर्षी गवत कापणीचा हंगाम आला तेव्हा वारल्यांनी पाचशे रतल गवताला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. गवत वाळून चाललेलं, व्यापाऱ्याला घाई, म्हणजे तीच हंगामाची घाई, पण या वेळी ती मजुराच्या बाजूने वळवली होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. गटाच्या पेटीत एक प्रत असावी असं आम्हाला वाटतं.

आता लग्नगडी राहिला नाही, पण उचल राहिली. वीटभट्टीची उचल सगळ्यांना माहीत आहे. बागेची उचल लहान असते, म्हणून ती डोळ्यांत येत नाही. ‘आमच्या घरचीच आहे ती, अडीनडीला देतो आम्ही,’ असं मालकीणबाई म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. दवाखान्याला, पोराच्या वहीला, लुगड्याला त्या देतातही. पण हंगामात त्या बाईने दुसऱ्या बागेत जायचं नाही, रोज काय तो शेवटी बघू, ही अट न बोलता त्यात आलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. पोटाची अडचण हीही एक सक्तीच असते, असा त्याचा अर्थ. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे, आणि त्याप्रमाणे वेठबिगाराच्या अंगावरचं कर्जच रद्द होतं. वसई, भिवंडी भागात विधायक संसद आणि १९८२ साली सुरू झालेली श्रमजीवी संघटना यांनी याच कायद्याच्या आधारे माणसं सोडवली. एक-दोन हजारांची प्रत्येक उसनवारी म्हणजे वेठ, असं आम्ही म्हणत नाही. पण उचलीमुळे बाईला दुसरीकडे जाता येत नसेल आणि रोजही कमी मिळत असेल, तर त्याला मदत म्हणू नये.

बाईचा रोज आणि गड्याचा रोज यावर तर प्रत्येक बैठकीत आमचं भांडण होतं. समजा बागेत गड्याला पाचशे आणि बाईला साडेतीनशे दिले. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, गडी झाडावर चढतो. बरं, चढणाऱ्याला जास्त द्या, त्यात जोखीम आहे. पण दहा गड्यांतले चढणारे दोनच असतात. बाकीचे आठ खाली झेला धरतात, क्रेट उचलतात, गवत काढतात, आणि बायाही तेच करतात. मग त्या आठांना पाचशे कशाचे? कारण १९७६ पासून समान कामाला समान वेतन हा कायदा आहे, आणि आता तो २०१९ च्या वेतन संहितेत घेतला आहे. त्यात ‘सारखंच’ किंवा ‘सारख्या स्वरूपाचं’ काम असे शब्द आहेत, झाडाचा उल्लेख नाही. दुसरं म्हणजे निवडणी. आंबा अढीत घालण्याआधी डागी, फुटका, कोवळा बाजूला काढतात त्या बायाच. एक नासका राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो. पेटीचा भाव त्या निवडणीवर ठरतो आणि मजुरीत मात्र ते ‘बसून केलेलं काम’ धरलं जातं. वर सहा बाया दहा दिवस निवडायला आल्या तर दीडशेच्या फरकाने नऊ हजार रुपये वाचले, असं मालक मोजतो. हे नऊ हजार सहा चुलींवरून कमी झाले, ते कोण मोजणार?

मालकिणीची बाजूही सांगायला हवी, कारण तीही आपलीच मैत्रीण आहे. बाग मोहोरावर व्यापाऱ्याला उक्ती दिली असेल तर तोडणीची मजुरी व्यापारी देतो, पण राखणीचं आणि पाण्याचं घरात पडतं. स्वतः विकायचं म्हटलं तर क्रेट, टेम्पो, अडत, हमाली जाऊन हातात काय उरेल हे कल्याणच्या बाजारात पोहोचल्यावरच कळतं. अवकाळी पाऊस झाला तर मोहोरच जातो. शिवाय पूर्वीसारखी माणसं मिळत नाहीत. कसारा मार्गावरच्या गावांतल्या बाया पहाटेच्या लोकलने कल्याण-डोंबिवलीत घरकामाला येतात. तिथे महिन्याचे पैसे महिन्याला मिळतात आणि उन्हात उभं राहावं लागत नाही. मुलं मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. मजूर मिळत नाहीत ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. पण जिथे संध्याकाळी हातात पैसे मिळतात आणि बायांना सावलीत बसून भाकरी खायची जागा असते, त्या बागांना माणसं मिळतात हेही आम्ही पाहतो.

पैसे कधी द्यायचे हेही कायद्यात लिहिलेलं आहे. रोजावरच्या माणसाला पाळी संपली की, आठवड्यावरच्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. ‘माल विकला की देतो’ ही सवलत मजुराने मालकाला द्यायची नसते. बाजारात भाव पडला तर तो तोटा बागेचा, कारण भाव चढला तेव्हा नफाही बागेचाच होता.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण तिला तारीख आहे. झाडावरून पडणं, साप चावणं हे बागेतले नेहमीचे अपघात. शेतकऱ्याच्या घरात असं झालं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत करायचा. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला आहे. त्याच झाडावरून त्याच दिवशी मजूर पडला तर त्याला यातून काहीच नाही. म्हणून मजुरी करणाऱ्या प्रत्येकीने प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलाच पाहिजे. वर्षाला वीस रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, त्यामुळे मे संपायच्या आत खात्यात वीस रुपये शिल्लक हवेत. पुष्कळ जणींचं खातं नेमकं तेव्हाच रिकामं असतं, विमा तुटतो, आणि जांभळाची तोडणी ऐन तेव्हाच चालू असते. आमचं मालकिणींना सांगणं आहे की पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाचे वीस रुपये आपण भरावेत. वीस जणांचे चारशे होतात, आंब्याच्या एका पेटीचेही नाहीत. ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या शेतमजुरालाही मिळतं, आधार आणि मोबाईल घेऊन सेवा केंद्रात जायचं.

काही गट आम्ही वेगळ्या वाटेने न्यायचा प्रयत्न करतोय. आठ-दहा बाया मिळून तोडणी आणि निवडणीचं काम किलोवर किंवा क्रेटवर अंगावर घेतात. झेले, शिडी आणि दोरी गटाच्या कर्जातून आणायची, भाव मोहोर असतानाच मालकाशी बोलून ठरवायचा, आणि श्रावणातली उचल मालकाकडून न घेता गटातून घ्यायची. शेवटचं सगळ्यात कठीण आहे, कारण गटाची वसुली महिन्याला असते आणि बाईची कमाई वर्षातून दोनदा. बँकेला हे समजावता समजावता आमची दमछाक होते. आम्ही हप्ता जून आणि डिसेंबरमध्ये मोठा, बाकी महिन्यांत फक्त व्याज, असा धरून बघतोय. कातकरीवाडीत तो बऱ्यापैकी जमला. दुसऱ्या एका गटात भांडणं झाली, कारण एकीने कमी दिवस भरले आणि वाटणी सारखी मागितली.

त्यासाठी वही हवी. दोन वह्या, एक मालकिणीकडे, एक गटाकडे. तारीख, नाव, किती तास, कोणतं काम, किती क्रेट, उचल किती, दिले किती. संध्याकाळी दोन्ही वह्यांत लिहायचं आणि एकमेकींच्या वहीत सही किंवा अंगठा. खाडा झाला तर तोही लिहायचा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा, पण संध्याकाळी, शाळा बुडवून नाही. औषधफवारणी झाली तो दिवसही वहीत लिहा आणि डब्यावर जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस बायांना त्या झाडांखाली पाठवू नका, पोटुशीला तर मुळीच नको.

शेतमजुरीचं चालू किमान वेतन ठाण्याच्या कामगार कार्यालयात विचारलं की सांगतात, ते वेळोवेळी बदलतं म्हणून इथे आकडा देत नाही. पैसे अडकले असतील तर आधी गटात, मग ग्रामसंघात बोला. वेठीचा प्रकार असेल तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना कमाई किती हे न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. न्यायालयाच्या आवारात त्यांची कचेरी असते. जाताना ती वही सोबत न्या.