पोळ्यातील मेण आणि टाचांच्या भेगा

पौष महिना लागला की आपल्या कुंभारवाड्यात पहाटे धुके आणि दुपारी कोरडा वारा सुरू होतो. खळ्यावर अनवाणी राबणाऱ्या आयाबायांच्या टाचा भेगाळतात. कित्येकींच्या भेगांतून रक्तही येते. पुढे उन्हाळ्यात घरी मध काढला, की पिळलेले पोळे आपण उकिरड्यावर टाकतो. म्हणजे भेगांवरचा एक चांगला उपाय आपण आपल्याच हाताने फेकून देतो.

मेण हे माशीच्या शरीरातून निघते. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या 4 जोड्या असतात. त्यांतून निघणारे पातळ पापुद्रे चघळून ती षट्कोनी घरे बांधते. थोड्या मेणासाठीही तिला पुष्कळ मध खावा लागतो. म्हणून पोळ्याच्या चोथ्याला कचरा म्हणणे बरे नव्हे.

मेणाचा हा उपयोग फार जुना आहे. आयुर्वेदात मेणाला 'सिक्थ' म्हणतात. मेण व तिळाचे तेल यांपासून सिक्थतैल करतात. दुसऱ्या शतकातील गेलेन या वैद्यानेही मेण, ऑलिव्हचे तेल व गुलाबपाणी यांचे मलम सांगितले आहे.

प्रथम चोथा धुऊन फडक्यात सैल बांधावा व जुन्या भांड्यात पाण्याबरोबर उकळावा. मेण वितळून वर तरंगते. भांडे रात्रभर तसेच ठेवले, की सकाळी त्याची वडी मिळते. वडीच्या तळाचा मळ खरवडून ती पुरती वाळवावी.

आता 25 ग्रॅम मेण, 75 ग्रॅम खोबरेल आणि 25 ग्रॅम भिरंडीचे मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, घ्यावे. मुठेल नसल्यास खोबरेल 100 ग्रॅम घ्यावे. हे सर्व वाटीत घालून वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. मेण सुमारे 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे तेवढी उष्णता पुरते. वाटी थेट विस्तवावर ठेवू नये. मेण पेट घेते. हे काम वडीलधाऱ्यांसमोरच करावे. थेंबभर मलम थंड ताटलीवर टाकून पाहावे : फार कडक झाल्यास तेल, फार मऊ झाल्यास मेण वाढवावे. आमचे पहिले मलम नखाने खरवडावे लागले होते, तेव्हापासून ही परीक्षा आम्ही चुकवीत नाही. शेवटी ते कोरड्या डबीत ओतावे. पाण्याचा अंश राहिल्यास बुरशी येते.

मलम त्वचेला पाणी देत नाही. असलेला ओलावा उडून जाऊ देत नाही. म्हणून रात्री पाय धुऊन, किंचित ओलसर असतानाच ते लावावे. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आल्यास वापरू नये. भेग खोल असेल, पू झाला असेल, अथवा घरातील कोणास मधुमेह असेल, तर डॉक्टरांस दाखवावे.

एक विनंती. मेणासाठी रानातील पोळे जाळू नये. आपले रान काळी व्याघ्र प्रकल्पाचे आहे, आणि माश्या गेल्या तर परसातील फळेही कमी होतील. पेटीतील सातेरी माश्यांचे जुने पोळे आपल्याला पुरेसे आहे. त्यातून निघालेली पहिली डबी घरातील सर्वांत भेगाळलेल्या टाचांसाठी ठेवावी, आणि ती आपल्या हातांनी लावावी.