क्षमा

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते. पण स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, ही म्हण आपल्या परिचयाची आहे. बायबलमध्ये येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनात असाच दृष्टान्त येतो. इतरांना दोषी ठरवण्यापूर्वी माणसाने आधी स्वतःचे दोष पाहावेत, असे येशू सांगतो. अपराध्याला सात वेळा क्षमा करावी काय, असे पेत्र या शिष्याने विचारले, तेव्हा येशूने साताच्या सत्तर पट वेळा करावी, असे उत्तर दिले. क्षमेची मोजदाद ठेवू नये, असा त्याचा आशय आहे.

हा उपदेश ऐकण्यास सोपा, पण आचरण्यास फार कठीण आहे. मध्य प्रदेशातील एका घटनेत त्याची कसोटी लागली. मूळच्या केरळच्या सिस्टर राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनी देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात आदिवासींमध्ये कार्य करीत असत. सावकारी पाशातून आदिवासींची सुटका व्हावी, त्यांना आपल्या हक्कांची जाणीव व्हावी, यासाठी त्या झटत होत्या. त्यामुळे काहींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने इंदूरकडे जात असताना समंदरसिंग याने वार करून त्यांची हत्या केली. न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हीही धर्मभगिनी होती. २००२ साली तिने तुरुंगात जाऊन समंदरसिंगच्या मनगटावर राखी बांधली. पुढे या कुटुंबाने त्याच्या सुटकेलाही पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो मुक्त झाला. नंतर त्याने केरळला जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांची भेट घेतली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना 'धन्य' घोषित करण्यात आले.

क्षमा म्हणजे अपराधावर पांघरूण घालणे नव्हे. या कुटुंबाने हत्येला हत्याच म्हटले आणि न्यायालयाच्या निकालालाही आव्हान दिले नाही. मात्र एका दुष्कृत्यावरून त्या माणसाचे संपूर्ण आयुष्य निकालात काढण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. कृत्याचा निवाडा कायदा करू शकतो. माणसाला सुधारण्याची वाट मोकळी करून देणे मात्र बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याच्याच हाती असते.