ज्या त्या ऋतूचें अन्न

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशीं, म्हणजे भोगीला, महाराष्ट्रांत घरोघरीं एक मिश्र भाजी शिजते. हरभऱ्याचे ओले दाणे, पावटे, वांगीं, गाजरें, बोरें असें त्या दिवसांत शेतांत व रानांत जें जें पिकतें, तें सारें तींत पडतें. वर तिळाचें कूट, आणि सोबतीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण या जेवणावरूनच पडली. थंडीच्या दिवसांत अंगांत ऊब राहावी, हा त्यांतला हेतु स्पष्ट आहे.

याच सुमारास, जानेवारीच्या ७ तारखेस, जपानांत सात प्रकारच्या पाल्यांची भाताची पेज करण्याची चाल आहे. तिला तेथें ‘नानाकुसा-गायु’ म्हणतात. सातांपैकीं दोन सलगम व मुळा. बाकीच्या पांच बांधावर व ओलाव्यांत आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्या. नववर्षाच्या मेजवान्यांनीं जड झालेल्या पोटास हलकें अन्न मिळावें, असा या पेजेचा उपयोग सांगतात. ऋतु एकच; पण एका देशीं स्निग्ध भाजी, तर दुसऱ्या देशीं साधी पेज.

या पेजेची एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. जपाननें १८७३ सालीं जुनी चांद्र कालगणना सोडून पाश्चात्य दिनदर्शिका स्वीकारली. जुन्या गणनेनें पहिल्या महिन्याचा ७ वा दिवस बहुधा फेब्रुवारींत येई, आणि तोंवर कोवळा पाला फुटूं लागलेला असे. आतां तारीख आधीं येते व पाला मागाहून. त्यामुळें हरितगृहांत वाढविलेल्या सात पाल्यांच्या जुड्या दुकानांतून आणाव्या लागतात. चाल टिकली, रानाशीं असलेलें तिचें नातें मात्र सैल झालें. भोगी सूर्याच्या संक्रमणास बांधलेली असल्यामुळें तिच्यावर असा प्रसंग आला नाहीं.

ऋतूचें अन्न केव्हां खावें हें जसें ठाऊक असावें लागतें, तसेंच तें केव्हां थांबवावें हेंही. जर्मनींत शतावरीच्या जातीच्या एका वनस्पतीचे पांढरे कोंब मोठ्या आवडीनें खातात. मातीच्या उंच वरंब्यांत वाढल्यामुळें त्यांना ऊन लागत नाहीं व ते पांढरे राहतात. एप्रिलच्या मध्यापासून उकडलेले बटाटे व वितळलेलें लोणी यांबरोबर ते घरोघरीं दिसतात. परंतु २४ जूनला, संत जॉनच्या सणाच्या दिवशीं, शेतकरी रूढीप्रमाणें कापणी थांबवितात. त्यापुढें फुटणारे कोंब वाढूं दिले, म्हणजे त्यांना पिसाऱ्यासारखा पाला येतो. तो उन्हांत अन्न तयार करून मुळांत सांठवितो, आणि त्याच सांठ्यावर पुढच्या वर्षाचे कोंब येतात. कापणी चालूच ठेवली, तर मुळें क्षीण होतात.

कोंकणच्या कोळ्यांचीही रीत अशीच आहे. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या माशांचा तो विणीचा काळ. तेवढे दिवस होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या, सुके बोंबील व जवळा यांवर भागवावयाचें, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पून मग जाळीं टाकावयाचीं, असा परंपरेचा दंडक. आज सरकारी नियमानेंही पावसाळ्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते.

शीतगृहें व विमानें यांच्या योगानें आतां कोणतीही वस्तु कोणत्याही महिन्यांत शहरांत मिळूं शकते. ही सोय लहान नव्हे. आजाऱ्यास अवेळीं फळ मिळतें, नासाडीही कमी होते. पण ‘आतां पुरे’ असें बाजार कधींच सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम आजवर सणांनीं केलें. भोगीची भाजी घरांतल्या मुलांसमोर ठेवतांना तींतला प्रत्येक दाणा याच दिवसांत कां येतो, एवढें जरी वडीलधाऱ्यांनीं सांगितलें, तरी तें काम पुढें चालूं राहील.